जोम्दोलच्या गिरणीतली पोलादी पेटी

तर डुकराचं मुंडकं हसरं मिळालं, इथवर काल सांगून झालं होतं. हसऱ्या मुंडक्याला कसाई जास्त पैसे घेतो, तरी जोम्दोलने तेच आणलं आणि नव्या यंत्रापुढे पाटावर ठेवलं; आमच्याकडे नव्या यंत्राची पूजा अशीच होते. बाजारातल्या आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून त्याच्या दातांत नोटा खोचल्या. "खूप वर्षं चालो रे बाबा," असं जो तो यंत्राला म्हणत होता. जोम्दोल मात्र ओठ न हलवता वाकला. तेव्हा मला वाटलं, दारू जास्त झाली असेल.

मुळात हा माणूस नवं घेणारा नव्हेच. आमच्या गुर्येच्या बाजारात तांदळाची गिरणी म्हणजे जोम्दोल प्यो. कोणी नवीन वस्तू दाखवली की याचा एकच प्रश्न, "बिघडली तर कोण दुरुस्त करतं?" "कंपनी," असं उत्तर आलं की म्हणायचा, "मग कंपनीलाच ठेवू दे." त्याचे दगडी रूळ, मोटर, पट्टा, सगळं गावातल्या बाकी गिरण्यांसारखंच. एकदा ऐन सणात पट्टा तुटला, तर समोरच्या गिरणीतला ओक आपला जादाचा पट्टा खांद्यावर टाकून आला, आणि बायकांच्या गप्पा रंगायच्या आत रूळ पुन्हा फिरू लागले. रेडिओसुद्धा असा, की सेल कुठल्याही दुकानात मिळावा. बायको गेल्यापासून घरात तो आणि तो रेडिओ, दोघंच.

मुलगा ग्युहान सोल शहरात, यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत. चुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या सणाला यायचा, पूर्वजांपुढे वाकायचा आणि दुपारची बस धरायचा. पण एका वसंतात तो मधेच आला, हातात रंगीत चित्रांचं पुस्तक. चित्रात बंद पोलादी पेटी. वरून भिजवलेले तांदूळ टाकायचे, खालून पीठ घ्यायचं.

"तुम्ही घेणार नाही, माहीत आहे बाबा. नुसतं दाखवतो."

"बिघडलं तर कोण येतं?"

"या भागातली गावं माझ्याकडेच आहेत. मीच येणार."

"घेतो," जोम्दोल म्हणाला.

मी शेजारीच पीत बसलो होतो. घोट माझ्या नाकात गेला. जुने रूळ भंगारात निघाले, ते ओकने उचलले.

पेटी उन्हाळाभर सारखी रुसायची. बटणं लाल व्हायची आणि ग्युहान यायचा. पेटी उघडायचा, मुक्काम करायचा. बापलेक पायरीवर बसून गार शेवया ओरपायचे. आम्ही जोम्दोलला चिडवायचो, "यंत्र घेतलंस की जावई?" तो हसायचा. इतकं हसताना मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग चुसॉक आला. आदल्या दिवशी गिरणीपुढे परातींची रांग लागते. बाई घरी जाते, परात तिची जागा धरते. जिचा तांदूळ तिचंच पीठ, कारण त्याच पिठाचे उंडे सकाळी पूर्वजांपुढे जातात. त्या दिवशी ग्युहान स्वतः पेटीपाशी उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. पुढच्या बाईने तांदळात हिरवा पाला घातला होता, तिचं दळण झालं. मागून सुन्बोकच्या आईचा पांढराशुभ्र तांदूळ पडला आणि खाली पीठ आलं ते हिरव्या ठिपक्यांचं.

"हे कुणाचं?" सुन्बोकची आई म्हणाली.

"तुमचंच, काकू. पेटीत मागचं मूठभर राहतंच. तांदूळ तो तांदूळच की!"

"असं? मग उद्या तुझ्या आजोबांच्या जागी माझ्या सासऱ्यांचा फोटो ठेव. फोटो तो फोटोच की!"

अख्खी रांग हसली. मग हसणं थांबलं आणि जिने तिने आपली परात उचलली. रुळांमध्ये काही उरत नाही, ब्रश फिरवला की पुढचीचा तांदूळ घ्या. ते रूळ आता समोर होते, ओककडे. रांग रस्ता ओलांडून तिकडे गेली. ग्युहान पेटीला हात लावून उभा. जोम्दोल म्हणाला, "राहू दे रे, जेवायला चल." पण पोराने मान वर केली नाही. सकाळी पूर्वजांपुढे वाकायच्या आधीच तो बस धरून गेला.

पेट्या ठिकठिकाणांहून कंपनीकडे परत गेल्या असाव्यात. हिवाळ्यात कंपनी बंद पडली आणि ग्युहानचा फोनही लागेना. पेटी एकदा अडली ती अडलीच. तिला उघडणार कोण? आता जोम्दोलच्या गिरणीला कुलूप आहे आणि जोम्दोल ओककडे नोकरीला, स्वतःच्याच रुळांवर. पुढच्या चुसॉकला ग्युहान आला नाही. बापाने एकट्याने ताट मांडलं.

परवा मी तीळ घेऊन ओककडे तेल काढायला गेलो होतो. जोम्दोल वाकून रुळांवर ब्रश फिरवत होता. मला राहवेना.

"जोम्दोल, जन्मभर आम्हाला शिकवलंस की चार जणांकडे चालतं तेच घ्यावं. मग तुलाच ती पेटी ओळखता आली नाही?"

त्याने ब्रश झटकला आणि म्हणाला, "चित्र बघूनच ओळखली होती, दादा. ही सारखी बिघडणार, म्हणून तर घेतली. म्हटलं, रूळ कधी मोडत नाहीत, तर पोरगं कशाला येईल? ... सरका जरा, सुन्बोकच्या आईची परात आहे."