लाईट नसताना ऐकलेली मिस्सा

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. कुणी अमानवीय काही सांगायला लागलं की मी चहाच्या निमित्ताने उठतो. तरी आज लिहितोय, कारण हे मी स्वतः ऐकलंय... आणि सोल्डरिंग गन हातात धरणाऱ्या माणसाने ज्याचं उत्तर द्यायला हवं, ते मला इतक्या वर्षांत देता आलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी विरारला फुलपाड्यात राहायचो. कंपनीतला माझा मित्र व्हिन्सेंट वसईजवळच्या सांडोरचा. त्याचे वडील, इनास काका, अर्धांगवायूमुळे अंथरुणावर. चर्च केळीच्या बागेपलीकडेच, पण त्यांना रविवारच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, जाता येत नव्हतं. म्हणून फादरांच्या परवानगीने मी एक छोटा FM ट्रान्समीटर बनवला. चर्चच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा, काकांनी उशाशी रेडिओ लावायचा.

FM मध्ये आवाज लहरीच्या ताकदीत नसतो. फादर बोलले की लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित वर-खाली होते, रेडिओ तो फरक ओळखतो आणि त्याचा पुन्हा आवाज करतो. लहरच नसेल तर नुसती खरखर. लहर आहे पण कुणी बोलत नाही, तर खरखर थांबते आणि शांतता पसरते. हे लक्षात ठेवा.

काही महिने सगळं छान चाललं. मग एका शनिवारी ट्रान्समीटरचा ट्रान्झिस्टर जळाला, आणि दुसऱ्याच दिवशी कतरीन काकूंच्या, म्हणजे इनास काकांच्या बायकोच्या, पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा होती. विरारच्या दुकानात तो ट्रान्झिस्टर मिळाला नाही. निदान समोर जाऊन सांगावं म्हणून रविवारी सकाळी सांडोरला गेलो. घरचे सगळे चर्चमध्ये. काका एकटेच, रेडिओ खरखरतोय.

"काका, आज नाही ऐकू येणार. हा बघा, ट्रान्समीटर माझ्या पिशवीतच आहे."

"राहू दे लावलेला," काका म्हणाले. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र नेहमीची मराठी. "सवय झालीय."

मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात खरखर थांबली.

पूर्ण शांतता. म्हणजे कुठूनतरी लहर येत होती. आणि मग फादरांचा आवाज... प्रार्थना, आणि त्यात काकूंचं नाव. काकांनी डोळे मिटले. त्यांचा चालणारा हात चादरीवर हळूहळू हलत होता.

मी सुई जराशी सरकवली – खरखर. परत आणली – फादर. एरियल आत ढकलली – आवाज क्षीण झाला. म्हणजे खिडकीतून ऐकू येत नव्हतं, रेडिओतूनच येत होतं. पिशवी उघडली. सेल काढलेला, ट्रान्झिस्टरची जागा रिकामी.

"आलोच," म्हणालो आणि बागेतून चर्चकडे पळालो.

दारातच थबकलो. गावात सकाळपासून लाईट नव्हती. काकांच्या खोलीत रेडिओ सेलवर चालत होता, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ॲम्प्लिफायर बंद. फादर माइकशिवाय बोलत होते, मागच्या बाकांवरची माणसं कान देऊन ऐकत होती. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. फादर थांबले, हसले, आईला म्हणाले, "असू दे, त्यालाही बोलू दे."

मी परत आलो. काका म्हणाले, "कुठे गेलास? फादरांनी त्या बाळाला बोलू दिलं."

मी खाटेच्या कडेला बसलो.

दुसऱ्या कुणाचा ट्रान्समीटर? त्यालाही माइक लागतो ना. स्पीकरच्या वायरी? त्यात वीजच नव्हती. मिस्सा संपवून व्हिन्सेंट घरी आल्यावर त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "फादरांना सांगायचं?"

"काय सांगायचं?" मी म्हटलं.

पुढच्या रविवारी नवा ट्रान्झिस्टर घालून ट्रान्समीटर लावला. मिस्सा झाल्यावर काकांना विचारलं, नीट आलं ना?

"आलं," काका म्हणाले. "पण मागच्या रविवारी लावला होतास तो जास्त स्वच्छ होता. तोच लाव परत."

मी मान डोलावली.