भिजवलेली दोरी

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी आलं, हेही नाटकच असणार. आदल्या संध्याकाळी तर त्याचा आवाज ठणठणीत होता. "अण्णा, उद्या हिप्परग्याच्या तलावावर या की. तुमच्यासमोर परत मोजू." यात काय डाव असेल, याचा विचार करत मी "बघतो" म्हणालो... जायचं नाही हे ठरलेलंच होतं.

साखर पेठेतल्या विणकराचा हा मुलगा ऐन तारुण्यात गायब झाला आणि केस पिकल्यावर परतला. म्हणे, जहाजावर होतो. जहाज कसलं, तुरुंगात होता, अशी कुजबुज गल्लीत पसरली. ती मी सुरू केली होती. हे आता सांगायलाच हवं.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं तलावावर लहानशी शिडाची होडी आणली. वेग मोजायला माझ्याच दुकानातलं सूत नेऊन दोरी वळली, सारख्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला लाकडी फळी बांधली. फळी पाण्यात टाकली की ती मागं राहते, होडी पुढं जाते आणि दोरी हातातून सुटत जाते. ठरलेल्या वेळात जितक्या गाठी सरकतील तितका वेग. वेगाला प्रवासाच्या वेळेनं गुणलं की कापलेलं अंतर. गाठी मोजायला त्यानं मला बसवलं. मी मात्र खोटं कुठं सापडतंय ते बघत होतो. तो हसला, "अण्णा, गाठी मोजा, माझं तोंड न्हाय!"

उतरताना मी दोरी मागून घेतली. "मोजायची तर आधी भिजवा बरं का," तो म्हणाला. मी ती वाळवून मोजली. दोन गाठींमधलं अंतर त्यानं सांगितल्यापेक्षा चार बोटं जास्त भरलं. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मी दोरी ताणून दाखवली. "खलाशी म्हणे! गाठ मारता येईना." कुणीतरी ओरडलं, "अंबादास, कुटल्या जेलात शिकला रं दोरी वळायला?" सगळे हसले. त्यानं माझ्या हातातली दोरी घेतली, गुंडाळली आणि निघून गेला. सुती दोरी भिजली की आखडते, हे जन्मभर सूत विकणाऱ्या मला माहीत नव्हतं का? तरी मी गप्प बसलो.

तो गेल्याचा फोन आल्यावर त्याच्या घरी गेलो तर मोरीत बादली, बादलीत ती दोरी. वहिनी म्हणाल्या, "तुमाला फोन करून लगेच भिजत घातली. अण्णा येणार, म्हनले..."

ओली दोरी मी मागून आणली, मोजली. एकही गाठ चुकलेली नाही.

आता ती माझ्या मोरीत, बादलीत असते. टपरीवरचं कुणी आलं की मी दोरी बाहेर काढतो, मोजपट्टी त्याच्या हातात देतो. तो मात्र गाठींकडं बघतच नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहतो.