उस्तादांचे कान

प्रशिक्षण मैदानाच्या टोकाला एक दुमजली काँक्रीटचं घर होतं. त्यात कुणी राहत नसे. ते पेटवायचं, विझवायचं आणि पुन्हा पेटवायचं. उस्तादांनी बावीस वर्षं हेच केलं. लाकडी फळ्या आणि पेंढा रचून खोली पेटवायची, शिकाऊ अग्निशामकांना रांगत आत न्यायचं, छतालगतचा धूर कसा खाली उतरतो ते दाखवायचं आणि तो धूरच पेट घ्यायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायचं.

ती वेळ ते कानांनी ओळखत. भिंतीवर तापमापक होता, पण त्याच्याकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. शिरस्त्राणाखालचं जाड टोपडं मागे सारायचं, कान उघडे ठेवायचे, कानांना चटके बसू लागले की बाहेर. सगळे जुने लोक हेच करत आणि वर टेंभा मिरवत. शुद्ध मूर्खपणा, दुसरं काय!

एकदा कान ठणकत होता म्हणून बायकोने गरम पाण्याची पिशवी दिली. उस्ताद ती तशीच कानाला लावून पेपर वाचत बसले.

"अहो, टॉवेल गुंडाळा, उकळतं पाणी आहे!"

"कुठे उकळतंय? कोमट तर आहे."

तिने पिशवी ओढली, तर पाळीवर हा एवढा फोड.

"आतून ठणकतोय आणि बाहेरून मेलाय तुमचा कान. उद्याच्या उद्या साहेबांना सांगा."

"सांगतो की. मग भांडारात बसवतील, बूट मोजायला."

"बसा मग. बुटांना चटके तरी बसत नाहीत."

सांगितलं नाही. दीड वर्ष नाही. मधल्या काळात कुणी भाजतंय म्हणून कुरकुरला, की "लोण्याचे आहात का रे?" म्हणून त्याचीच खरडपट्टी.

मग नव्या तुकडीत त्यांच्या बहिणीची मुलगी आली. घरी मामा, मैदानावर उस्ताद, असं ठरलेलं. त्या मंगळवारी आत तिघंच होते: पुढे उस्ताद, मागे भाची, तिच्या मागे एक लाजरा, ताडमाड मुलगा. त्याला सगळे शिडी म्हणत. फळ्या खडखडीत वाळलेल्या होत्या. आग भराभर चढली.

"उस्ताद, कान भाजतायत!" भाची मास्कमधून ओरडली. टोपडं नीट घातलेलं असूनही.

"थांब. मला अजून काही वाटत नाही."

"मामा!"

त्यांनी नुसता पंजा वर केला. तिने परत विचारलं नाही. वळली आणि शिडीचा पट्टा धरून त्याला दाराकडे ओढत निघाली. तेवढ्यात छतालगतचा धूर एका दमात पेटला. शिडीने तोंड वाचवायला हात आडवे धरले. बाहेर हातमोजे काढले, तर कातडीही त्यांच्याबरोबर निघाली.

चौकशीआधीच अहवाल अर्धा लिहून झाला होता. शिडीने घाबरून, रांगायचं सोडून डोकं वर धुरात काढलं, म्हणून भाजला. भाचीने आज्ञा मोडून गोंधळ घातला, सबब तिला कमी करावं. साहेबांनी तो वाचून दाखवला. भाची भिंतीकडे बघत उभी होती. मामाचं नाव तिने घेतलं नव्हतं.

"खोडा ते," उस्ताद म्हणाले. "माझे कान मेलेत, साहेब. दीड वर्ष झालं."

साहेबांनी अहवालावर आडवी रेघ मारली. मग म्हणाले, "तिची नोकरी राहील. तुमची आजच संपली. आणि हे त्या मुलाला तुम्हीच जाऊन सांगायचं. चूक आपलीच, असं धरून बसलाय तो."

इस्पितळात शिडीचे पाय खाटेबाहेर आले होते. हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधलेले.

"उस्ताद, माफ करा," तोच आधी बोलला. "मी घाबरलो. डोकं वर गेलं असणार."

"नाही गेलं. तुझं काही चुकलं नाही." उस्तादांनी कान आणि फोड, लपवाछपवी, सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

शिडीने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे ती पहिल्यांदा ओरडली, तेव्हाच निघालो असतो तर हात वाचले असते?"

"हो," उस्ताद म्हणाले.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्स येऊन वेळ संपली म्हणेपर्यंत उस्ताद तिथेच उभे होते.