कासारीण मावशीला दारातूनच परत लावलं

ये गं, अशी जवळ बस. मोबाईल घेऊन तिकडं खुर्चीत काय बसलीस? सुट्टीला आजीकडं आलीस का टावरकडं? ठेव ते बाजूला अन् ऐक.

आपलं घर आखाडा बाळापूरला रस्त्यालाच. नव्वद सालाच्या आसपास दाराला कडी होती, पण ती कुत्र्यासाठी. हट्टा गावची एक कासारीण वर्षातून दोनदा यायची, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन. मी मावशी म्हणायची तिला. थेट चुलीपाशी जाऊन टोपल्यातली भाकर आपल्या हातानं घ्यायची, अन् भाजीला मीठ कमी असलं की मलाच बोलायची. माझं डावं मनगट लहानपणी मोडलेलं, हाड वर आलेलं. त्याच्यावरून बांगडी चढवावी तर तिनंच. भरून झालं की मी तिच्या पाया पडायची. रीतच व्हती, कासारणीच्या पाया पडल्याबिगर उठायचं न्हाई.

मग तुझा बाप पुण्याला कंपनीत लागला. घरावर डिश आली, समोर लोखंडी जाळी आली. टीव्हीत रोज कुठल्या तरी म्हातारीला बांधून घर लुटलेलं दाखवायचे. तुझा काका बी म्हणायचा, अनोळखी माणूस आत घ्यायचं न्हाई. मला ते बराबर वाटायला लागलं. बाजारात परदेशी, न फुटणाऱ्या बांगड्या आल्या. मावशीचं येणं तुटलं अन् मला तिची याद बी राहिली न्हाई. खोटं काहून सांगू?

एका दुपारी तुझी काकू जाळीपाशी जाऊन आली. कोणी बाई बांगड्या घेता का म्हणते, म्हणली. मी मालिकेत गुंग. आतूनच वरडले, "काही नको. पुढं जा म्हणावं."

चहाच्या वक्ताला काकू सहज बोलली, की ती म्हातारी विचारून राहिली व्हती, सासूबाईचं डावं मनगट अजून दुखतंय का.

कप तसाच ठेवला. स्टँडवर पळाले. बस निघून गेली व्हती.

दुसऱ्या दिवशी हट्टा गाठलं. मावशीनं सुनेला खुर्ची टाकायला लावली, नवा कप काढायला लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझंच चुकलं म्हणली, घर नवं, माणसं नवी, अगोदर निरोप धाडायला पायजे व्हता.

मी नुसता हात पुढं केला. तिनं पेटी उघडली, हाडावर अंगठा दाबून चार हिरव्या बांगड्या चढवल्या. एक बी वाढली न्हाई, म्हंजे फुटली न्हाई गं. मी वाकले, तर तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"राहू द्या. पाव्हण्यानं वाकू न्हाई."

त्याला लई वर्षं झाली. ती काही आली न्हाई. निघताना तिच्या उंबऱ्यात उभी राहून मी म्हणलं व्हतं, "मावशी, माझ्या सुनेचे हात रिकामे हायेत. पोळ्याच्या अगोदर ये."