निपाणीत जुनाच गेम का चालतो?

मारामारीचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. त्याची शेवटची, सुधारलेली आवृत्ती मी घरच्या मशीनवर अकरा वर्षं एकट्यानं खेळतोय. मशीनचं वायरिंगही माझंच, कुणाकडून शिकलो नाही. निपाणीत या गेमच्या स्पर्धा होतात असं कळलं, तेव्हा म्हटलं, आपण किती पाण्यात आहोत ते एकदा बघूच.

बेळगावहून सकाळची बस धरा. गाडी निपाणी स्टँडमध्ये जाते का, ते कंडक्टरला आधी विचारा. काही गाड्या हायवेवरच उतरवतात. तिकीट शंभराच्या आसपास. तवंदी घाट उतरलात की आलंच.

स्पर्धा एका धान्य दुकानाच्या माडीवर. भरवणारे आप्पा, पूर्वी त्यांचं गेम पार्लर होतं. मी पिशवीतून माझ्या आवृत्तीचा सर्किट बोर्ड काढला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला.

"बोर्ड चांगला हाय. पर हितं जुनाच चालतो."

मी समजावलं, की जुन्या आवृत्तीत गेममधल्या पैलवानाची पकड समोरच्याचा बचाव भेदून जाते. तो बनवणाऱ्यांचा दोष आहे, माझ्या आवृत्तीत तो काढलाय.

"व्हय, दोष हाय की," म्हणाले, आणि पहिल्या मॅचआधी तोच दोष पडद्यावर सगळ्यांना करून दाखवला. दर वेळी दाखवतात म्हणे, मागनं कुणी तक्रार करू नये म्हणून. मी गोंधळलोच. चूक माहीत आहे, तरी ठेवलीय?

माझी गाठ बोरगावच्या एका आक्कांशी पडली, बँकेत नोकरीला आहेत. म्हटलं, चालतंय ना, मग चालवू. मी पैलवान घेऊन तीच पकड टाकली. आक्का दर वेळी क्षणभर आधी आपला गडी खाली बसवायच्या आणि माझा पैलवान हवेत हात मारायचा. दोन्ही डाव गेले. चार मिनिटंही लागली नाहीत.

जेवताना (स्टँडजवळची खानावळ, भाकरी गरम, रस्सा जहाल) मी पुन्हा विषय काढला. आप्पांनी सांगितलं, एका वर्षी ज्याला जी आवृत्ती आवडेल ती आणा म्हटलं होतं. कोल्हापूरकर एक घेऊन आले, इचलकरंजीकर दुसरी. संध्याकाळपर्यंत वाद झाला, मॅच एकही नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या हाताला बसलेली तेवढी ठेवली.

मी म्हटलं, मग सगळ्यांनी मिळून चांगली निवडायची.

आक्का हसल्या. "अण्णा, त्या पकडीतनं सुटायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही दोषच काढलासा. मग माझी दोन वर्षं कुठं ठेवू?"

मी परतीची बस धरली. बोर्ड पिशवीत, पिशवी मांडीवर.

माझी आवृत्ती निर्दोष आहे, हे मी आजही लिहून देईन. त्यांचं चुकतंय की माझं, ते मात्र अजून कळत नाही. अकरा वर्षांत मी हरलो नव्हतो, कारण समोर कुणी माणूसच नव्हता.

पुन्हा जायचं तर जुन्यावर हात बसवायला हवा, म्हणजे जाणूनबुजून चुकीचं शिकायचं. काल संध्याकाळी सुरुवात केली. गडी खाली बसवायला अजून उशीर होतोय.