पाणी कुठं जातंय

आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा कॉम्प्युटर गेमसाठी ड्रॅगनांच्या राज्यांचे नकाशे काढतात. नकाशा झाला की शाडूच्या डोंगर-दऱ्या करून वरून तांब्यानं पाणी सोडतात. "स्वल्प थांबा," ते आपल्या कानडी वळणानं म्हणतात, "पाणी कुठं जातंय बघू." पाणी तुंबलं, की तिथलं इवलंसं गाव चिमटीत उचलून टेकडीवर ठेवतात.

परवा त्यांनी आमची गल्लीच केली होती. सगळं पाणी आमच्या इमारतीभोवती येऊन थांबलं. मी हसलो. "इथं पूर्वी तळं होतं," अण्णा म्हणाले. तेव्हापासून मोरीत नुसतं गुडगुडलं तरी मी दचकतो.

आज दुपारी आभाळ काळंभोर झालं आणि आमचं तळमजल्यावरचं दार वाजलं. आत आई अंथरुणाला खिळलेली. दारात अण्णा.

"आईंना वर नेऊ या," ते म्हणाले. "तुम्ही पायांकडून धरा."