संकेतांक तीन

संशोधन पद्धतीच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं होतं की प्रश्नावलीत प्रत्येक उत्तराला जागा हवी आणि एकच उत्तर दोन जागी बसता कामा नये. मी ते वहीत लाल शाईने अधोरेखित केलं. वर्गात मी हुशार समजली जायचे, निदान माझा तरी तसा समज होता.

पीएच.डी.साठी विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. नवरा मुंबईत नोकरीला आणि बायको गावात, अशा घरांत निर्णय कोण घेतं? माझा नवरा मुंबईत होता आणि मी रत्नागिरीजवळच्या सासरच्या गावात सासूबाईंबरोबर. हे कारण अर्थातच सरांना सांगितलं नाही. संशोधकाने तटस्थ असावं, हेही त्याच वहीत होतं.

प्रश्न साधे होते. घराची डागडुजी, मुलांचं शिक्षण, आजारपण, बाईची स्वतःची नोकरी. प्रत्येकापुढे तीन चौकटी: नवरा, बायको, दोघं मिळून. संगणकात भरताना त्यांचे संकेतांक एक, दोन, तीन. घरं निवडायची ती ग्रामपंचायतीच्या यादीतून, दर पाचवं. अमकीकडे चहा चांगला मिळतो म्हणून तिकडे वळायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एका पडवीत बसून विचारलं, "कौलं काढून पत्रा घालायचा झाला तर कोण ठरवणार?"

"आत्ता काय ठरवायचा गो बाय? ते येतील गणपतीत, तवा बघू."

पुढच्या घरी मुलीच्या अकरावीचं विचारलं. गणपतीत बघू. आता अकरावीचे प्रवेश काही गणपतीसाठी थांबत नाहीत, पण हे त्या माउलीला कोण सांगणार! एकीने तर गुडघ्याचं दुखणंसुद्धा गणपतीवर ढकललं होतं. लंगडत आत गेली आणि माझ्यासाठी कोकम सरबत घेऊन आली.

या उत्तराला माझ्याकडे चौकट नव्हती. नवीन चौकट घालायची तर झालेली सगळी घरं पुन्हा पालथी घालावी लागली असती, आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आला. मग मी डोकं चालवलं. नवरा गणपतीत येणार, दोघं बसणार, बोलणार. म्हणजे दोघं मिळूनच की! मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. पहिल्यांदा हात जरा अडखळला, नंतर सरावला. कुठलं उत्तर कुठे मोजायचं त्या सूचनापत्रकातही स्वच्छ अक्षरात लिहून टाकलं: "गणपतीत बघू" आल्यास संकेतांक तीन.

तोवर झालेल्या घरांच्या सारण्या देखण्या आल्या. सर म्हणाले, "स्त्रियांचा निर्णयातला सहभाग चांगला दिसतोय हो तुमच्याकडे." मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, खूप वाटला.

मग यादीत दर पाचवं मोजता मोजता आमचंच घर आलं. शेजारचं घेऊ का, म्हणून सरांना विचारलं. "नमुन्यात आलेलं घर सोडायचं नसतं," ते म्हणाले. "फक्त प्रश्न तू विचारू नकोस." म्हणून माझ्याबरोबर संशोधन करणारी मैत्रीण आली. ती बंदरावरच्या घरातली, तिचे वडील आणि भाऊ आखातात. सूचनापत्रक वाचून ती हसली होती. "आमच्यात ईदेला ठरतं, तुमच्यात गणपतीला."

त्या दिवसांत माझ्या कपाटात एक पत्र होतं. सावर्ड्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची जागा होती आणि मुलाखत आठ दिवसांवर आली होती. जून चालू होता. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की पहिल्या तासाला काय शिकवायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. सासूबाईंना पत्र दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला विचार."

मैत्रीण पडवीत बसली. पलीकडे सासूबाई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. डागडुजी, आजारपण, उत्तरं झाली. मग तिने विचारलं, "स्वतःच्या नोकरीचा निर्णय कोण घेतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. बायको, चौकट दोन. तिचं पेन कागदावर टेकलेलं. सासूबाईंचा हात थांबलेला.

"थांब हं," मी म्हणाले, "ह्यांना विचारते."

फोन माझ्या हातात कधी आला ते मलाच कळलं नाही. स्पीकर चालू होता. "अहो, सावर्ड्याच्या त्या नोकरीचं काय करायचं?"

"अगं, मी कामात आहे. एवढी कसली घाई? गणपतीत येतोय ना, बघू. जेवलीस का?"

माणूस वाईट नाही. मी "हो, जेवले" म्हणाले आणि फोन ठेवला. सासूबाई पुन्हा आठळ्या सोलायला लागल्या. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्याच सूचनापत्रकाकडे, आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी उरलेले फॉर्म संगणकात भरत बसले होते. माझा समोर आला. दोन लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण ते खोटं झालं असतं. आणि तीन? मी वरच्या ओळींतल्या माझ्या हातच्या सगळ्या तिनांकडे बघत राहिले. पत्रावाली, अकरावीवाली, गुडघेवाली. त्यांतल्या कितीजणींच्या कपाटात असं पत्र होतं, हे विचारणारा प्रश्नच माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

अकरा वाजले. सावर्ड्याला मुलाखती सुरू झाल्या असतील. "चहा टाकतेस ना?" सासूबाईंनी आतून विचारलं. मी तीन दाबलं आणि उठले.